माझी ओळ पडद्यावर

"स्टार टाकलास? म्हणजे सगळंच पाहिजे. तुम्हा लोकांना फुकट घ्यायची सवयच पडलीय."

सगळ्यांसमोर बोलले अनिरुद्धसर.

संभाजीनगरातली सॉफ्टवेअर कंपनी. माझा चौथा दिवस. काचेच्या खोलीत आम्ही आठ नवीन पोरं-पोरी, आन् डेटाबेसमधून माहिती कशी काढायची ते शिकवायला अनिरुद्धसर. सरावाला कंपनीच्याच कर्मचाऱ्यांचं टेबल घेतलं होतं. चाळीसेक कॉलम. मला पुढं बोलावलं. मी स्टार टाकला, म्हणजे सगळेच कॉलम मागितले. भिंतीवरचा पडदा गच्च भरला, काही वाचता येईना.

पोरं हसली. मीबी हसले. त्या हसण्याची मला आजही घाण वाटते.

"सोपं असतं, बघ," सर म्हणाले. "आधी टेबलाचं नाव द्यायचं. कॉलमांची यादी आपोआप उघडते. हव्या त्यावर टिक करायची. झाली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न."

त्यांनी माउस हातात घेतला. नाव, टिक. जात, टिक. वडिलांचा व्यवसाय, टिक. मग माझा कर्मचारी क्रमांक टाकला.

पडद्यावर एकच ओळ उरली. माझं नाव. माझी जात. पुढं, सफाई कामगार.

बापानं वाळूजच्या कारखान्यात संडास धुतले. बजाजनगरातल्या एका खोलीत राहून मला इंजिनिअर केलं. मी ते कधी लपवलं नव्हतं. पण ते कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे माझं मला ठरवायचं होतं.

"नेमकं निवडलं की कसं स्वच्छ दिसतं," सर म्हणाले. "घरचाच धंदा आहे हिचा. सफाई."

कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. पहिल्या खुर्चीवर सिल्लोडची नाझिया होती. ती हळू म्हणाली, "सर, बस करो ना." सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाय.

"जा, बस जागेवर."

मी गेले नाय. कंपनीच्या प्रवेश परीक्षेत मी पहिली आले होते, आन् यादीत गुणांचाही कॉलम होता. माझा हात तिकडं गेला. मग वाटलं, कशाला? मी शेवटून पहिली असते तर हे चाललं असतं का?

मी माझा क्रमांक खोडला. सरांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर त्यांचा क्रमांक होता, तो टाकला. एंटर.

त्यांचं नाव आलं. त्यांची जात. वडिलांचा व्यवसाय, पौरोहित्य. त्यात लाजण्यासारखं काय होतं? तरी सर अंगावर धावून आले.

"बंद कर! खाजगी माहिती आहे ती!"

"आन् माझी?"

कुणी हसलं नाय.

दुपारी मॅनेजरबाईंनी बोलावलं. माफीनामा टाईप करून तयार होता. सरांनी केलं ते उदाहरण होतं म्हणे. गोपनीयतेचा भंग मी केला होता. "सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

घरी बाबानं सगळं ऐकलं. खाली बघत म्हणाला, "कर सही, माय. आपण लई सोसलंय. अजून एकदा."

"म्हणूनच नाय करत, बाबा."

नोकरी गेली. माझी ओळ दिसत होती तेव्हाच नाझियानं पडद्याचा फोटो काढून ठेवला होता, सरांच्या क्वेरीसकट. तो तिनं मला पाठवला. साक्ष देते म्हणाली.

आज पोलीस ठाण्यात आलेय. ठाणे अंमलदारानं सरांविरुद्धची ॲट्रॉसिटीची तक्रार वाचली, कागद माझ्याकडंच सरकवला. "ताई, शिकलेली माणसं आहात. समजुतीनं मिटवा."

मी कागद परत त्याच्यापुढं सरकवला. खुर्ची ओढली, बसले.

"मिटवायला आले नाय. गुन्हा नोंदवा. तोवर मी इथून उठत नाय."