कळसाडीची टाकी आणि माझ्या तीन गाई

व्याहीबुवा, उत्तराला महिना लागला, माफ करा. दोनदा लिहून फाडलं, कारण तुम्ही मागितलेलं द्यावं की नाही हेच ठरत नव्हतं. गोबरगॅसचं सरकारी अनुदान हवं तर पाच जनावरं दाखवावी लागतात आणि तुमच्याकडे दोन. म्हणून पाहणीच्या दिवसापुरत्या माझ्या तीन गाई तुमच्या गोठ्यात बांधाव्यात, असं तुम्ही लिहिलंत. चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुराने सुमनचे डोळे लाल असतात, खोकला जात नाही, हेही लिहिलंत. माझीच पोर ती, मला झोप कशी लागेल? तरी गाई सोडण्याआधी चालू टाकी डोळ्यांनी पाहावी म्हणून कळसाडीला जाऊन आलो. तुमच्याकडून कुणी जाणार असेल तर उपयोगी पडावं, म्हणून क्रमाने लिहितो.

तळोद्याहून सकाळची एसटी धरा. मी तासभर आधीच जाऊन बसलो होतो, तेवढी गरज नाही. तिकीट रुपयाच्या आत. प्रकाशापर्यंत देवाला जाणाऱ्यांची गर्दी असते, तिथे गाडी रिकामी होते आणि खिडकी मिळते. पुढे रस्ता उखडलेला आहे, मागच्या बाकावर बसू नका. शहादा आलं का, असं मी कंडक्टरला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "बाबा, शहादा काय पळी जाई ऱ्हायनं का?" सगळी गाडी हसली.

शहाद्याच्या स्टँडवर शेव ताजी मिळते, चहा मात्र फार गोड. तिथून कापूस टाकून परतणाऱ्या रिकाम्या बैलगाड्या मिळतात. गाडीवान पैसे घेत नाहीत, तंबाखू घेतात. दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस, त्यामुळे ऊन लागत नाही.

कळसाडीत हिरालालभाई नावाचे गुजर शेतकरी आहेत, माझ्या धाकट्या भावाच्या ओळखीचे. त्यांच्या गोठ्यामागे विहिरीसारखा बांधीव खड्डा आहे आणि त्यात लोखंडी टाकी उपडी घातली आहे. शेण पाण्यात कालवून खड्ड्यात सोडायचं. त्यातून निघालेला गॅस टाकीखाली साठतो, टाकी वर उचलली जाते, आणि नळीने गॅस स्वयंपाकघरात जातो. टाकी फुटेल या भीतीने मी लांबच उभा राहिलो. फुटत नाही म्हणतात.

आत हिरालालभाईंच्या पत्नी, भाभी, भाकरी करत होत्या. ज्योत निळी, धूर नाही, तव्याच्या बुडाला काजळी नाही. मला त्या घटकेला सुमनच दिसत होती. तिसऱ्या भाकरीला ज्योत पिवळी पडली, बसली, आणि विझली. भाभींनी तवा उचलून शेजारच्या चुलीवर ठेवला आणि पऱ्हाट्या सारल्या. घर धुराने भरलं.

जनावरं किती, असं मी विचारलं. हिरालालभाई हसले. "मोजनीना दिन पाच व्हतात, दुसरा दिन दोनच ऱ्हायनात." बाकीची तीन मेहुण्याची होती, मोजणीच्या दुसऱ्या सकाळीच परत गेली.

"टाकीले बी पोट ऱ्हास, बाबा," भाभी म्हणाल्या. "कागदवरनं शेन तिले पचत नही."

तेवढ्यात शेजारचे मोतीलालभाई आले. त्यांनी केळीच्या पैशातून स्वतःची टाकी बांधली आहे, ती दिवसभर जळते. सरकारने असा पैसा वाटूच नये, चांगली वस्तू लोक आपण होऊन विकत घेतात, असं त्यांचं म्हणणं.

"बारा म्हशीसना धनी बोली ऱ्हायना," हिरालालभाई मला म्हणाले.

भाभी चुलीवरून मान न वळवता बोलल्या, "भाई, गवंडी सरकारना पैसावर मन्हा खड्डामा शिकना. मंग तुमना खड्डा चांगला व्हयना."

मोतीलालभाईंनी ते नाकारलं नाही. जेवणात वांग्याचं भरीत होतं, झकास. नंतरचा चहा मात्र मोतीलालभाईंच्या घरून आला.

परतीची गाडी दुपारची धरा, संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नाही. घरी येऊन पुष्कळ दिवस विचार केला. मी चौथी शिकलेला, सरकारचं खरं की बाजाराचं, हा निवाडा मला जमणार नाही. एवढं दिसतं, की बाजार दोन जनावरांच्या दारी कधी येणार नाही. सरकार येईल, पण मुंडकी मोजून निघून जाईल. ती तिसरी भाकरी दोघांच्याही हिशेबात नाही.

म्हणून गाई एका दिवसासाठी देणार नाही. तिन्ही कायमच्या देतो. म्हातारीची आणि माझी गरज शेळीच्या दुधावर भागेल. गाई विकायच्या नाहीत, आणि शेणाच्या गोवऱ्या थापायच्या नाहीत, सगळं शेण खड्ड्यात. कडबा पुरेल का, ते तुम्ही बघा. नाही पुरला तर माझ्याकडची एक गाडी पाठवीन.

पण आधी सुमनला विचारा. पाच जनावरांचं शेण रोज कालवायला तीच वाकणार आहे. अर्जाची मुदत जवळ आली आणि माझ्यामुळे आधीच उशीर झाला आहे. ती हो म्हणो की नाही म्हणो, तिचे शब्द आहेत तसे दोन ओळींत लवकर कळवा. तोवर गाई दाव्यालाच आहेत.