शैलाताईनं काहीच खाल्लं नव्हतं

शेवटच्या भेटीत मी दवाखान्यात तिच्या खाटेजवळ स्टूल ओढलं, आणि मी तोंड उघडायच्या आतच शैलाताई म्हणाली, "मी काहीच नाही खाल्लं वं. खरंच." चेहरा सुजलेला, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा, आणि माझी सख्खी मोठी बहीण मला सफाई देत होती! दोन दिवसांनी ती गेली. महिना उलटला... ते वाक्य काही कानातून जात नाही.

तिला ल्युपस होता. शरीर आपल्याच अवयवांवर उठतं, असा आजार. दहा वर्षं ती गोळ्या घेऊन शाळेत शिकवत होती, वर्गात खड्या आवाजात पाढे म्हणून घेत होती. गोळ्यांनी गाल फुगले, एवढंच तिचं दुखणं. मग मीच, हो मीच, तिला एका फंक्शनल मेडिसिनवाल्या सल्लागाराचे व्हिडिओ पाठवले. आजाराचं मूळ पोटात, म्हणे. गहू बंद, दूध बंद, टमाटर-वांगी बंद, साखर तर बंदच. वेळेवर झोप, सकाळचं ऊन, प्राणायाम. आणि खोटं कशाला बोलू, चार महिन्यांत ती हलकी झाली. जिने चढायला लागली. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही चांगलं म्हटलं, फक्त बजावलं की पथ्य करा, पण गोळी सोडू नका.

गोळी मी सोडायला लावली. "बरं वाटून राहिलं ना तुले? मग हे विष काहून गिळून राहिली?" भाऊजींना सांगायचं नाही, असंही आम्ही दोघींनी ठरवलं. शहाणपणा नुसता उतू चालला होता माझा!

दिवाळीनंतर सूज आली. रक्त तपासावं की नाही? आम्ही तिची खाण्याची वही सल्लागाराच्या ग्रुपवर पाठवली. उत्तर आलं, पथ्यात कुठंतरी चूक होतेय, शोधा. भाऊजींनी हिंगाची डबीसुद्धा फेकली, का तर हिंगात मैदा असतो. मी रोज फोन करून एकच विचारायची, "ताई, काय खाल्लं तू?" बिचारी आठवत बसायची. एकदा म्हणाली, "हळदीकुंकवाले तिळाचा लाडू जिभेले लावला होता... त्यानं असेल का वं?" आणि मी तिच्यावर चिडले. एका लाडवासाठी!

किडन्या गेल्याचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी खाण्याचं विचारलंच नाही. विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? भाऊजी चक्रावून तिच्याकडे बघायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच सोडल्या," म्हणाली. मी तिथंच उभी होते. गप्प.

तेरवीला तिच्या आवडीचं पान वाढलं. पुरी, बासुंदी, भरली वांगी. भाऊजी नमस्काराला वाकले आणि थबकले. मग हळूच पुरी उचलून त्यांनी बाजूला ठेवली. "गव्हाची आहे ना... तिले त्रास होईल."

मी ती पुरी परत पानात ठेवली. "खाऊ द्या तिले, भाऊजी. खाण्यानं नाही गेली ती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "हट्टी होती. मले एका शब्दानं सांगितलं नाही." एवढं बोलून ते रडले, आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. तेव्हाही गप्पच!

भाऊजी रविवारी पेपरची ही पुरवणी वाचतात. भाऊजी, ती खोटं बोलली. गोळ्या मी सोडायला लावल्या.