एका रविवारचं एकत्र कुटुंब

आमचं कुटुंब एकत्र आहे असं मी कॉलेजात बावीस वर्षं शिकवलं. ते एकत्र नाही, एवढीच त्यात अडचण होती.

मी समाजशास्त्र शिकवतो. ‘कुटुंब : एक सामाजिक संस्था’ हे प्रकरण दरवर्षी येतं आणि व्याख्या सुरू झाली की वर्ग पेंगायला लागतो. मग मी म्हणतो, “आता माझंच घर घ्या. आई, थोरले बंधू, वहिनी, आम्ही दोघं, सगळे एका छपराखाली!” वर्ग टक्क जागा होतो. (वस्तुस्थिती अशी की आई, दादा आणि वहिनी लोणी काळभोरला असतात. कर्वेनगरच्या दुसऱ्या मजल्यावर फक्त मी आणि माझी बायको वंदना. छप्परसुद्धा वरच्या मजल्यावाल्यांचं.)

यंदा प्रकल्प होता एका कुटुंबाचं प्रत्यक्ष निरीक्षण. ऋतुजा नावाची हुशार मुलगी उभी राहिली. “सर, जॉइंट फॅमिली कुठे मिळतच नाहीये. रविवारी तुमच्याच घरी येऊ का?” नाही म्हणायला तोंड उघडलं, तर साठ पोरं माझ्याकडे कौतुकानं बघत होती! “अवश्य या,” मी म्हणालो.

“छान,” वंदना म्हणाली. “आता एकत्र कुटुंब भाड्यानं कुठे मिळतं ते बघा.”

मी दादाला फोन लावला. “दादा, रविवारी सगळे इकडे येता का?”

“का रं? कोन गेलं?”

(माझे फोन साधारण त्याच कारणासाठी जातात.)

“कोणी नाही. विद्यार्थी येणार आहेत. तुम्ही इथंच राहता, असं सांगायचं.”

“मंजी कायमचं?”

“दोन तास.”

“येतो की,” दादा म्हणाला. त्यानं ‘असं खोटं का सांगायचं’ विचारलं असतं तर मी कदाचित शुद्धीवर आलो असतो.

रविवारी सकाळी आई, दादा, वहिनी, एक पोतं वांगी आणि दोन पोती कांदे अशी मंडळी टेम्पोतून उतरली. मी लगेच तयारीला लागलो. बाथरूममध्ये तीन नवे ब्रश ठेवले. दादाचा सदरा आणि वहिनींचं लुगडं मुद्दाम ओलं करून गॅलरीत वाळत घातलं! दादाकडून उत्तरं पाठ करून घेतली. “इथून रोज शेतावर जातो, सांजच्याला माघारी येतो,” हे तो शाळेतल्या कवितेसारखं हात मागे बांधून म्हणायचा. वंदना म्हणाली, “मी खोटं बोलणार नाही. मात्र विचारल्याशिवाय खरंही बोलणार नाही.” आईला पढवायची हिंमत कोणाचीच झाली नाही.

दहाला ऋतुजा तिच्या मैत्रिणीला घेऊन आली. चहा झाला, मी कुटुंबसंस्थेवर दोन शब्द बोललो, आणि आता निभावलं असं वाटत असतानाच ती म्हणाली, “सर, आता प्रत्येकाची मुलाखत एकेकट्याची घेतो. म्हणजे एकमेकांचा प्रभाव पडत नाही. तुम्हीच शिकवलंय ना!”

शिकवलं होतं! लाल पेनानं अधोरेखित करायला लावलं होतं!

“आणि सर, तुम्ही जरा बाहेर थांबाल?”

बाहेर म्हणजे गॅलरी. मी ओल्या लुगड्याआड उभा राहून खिडकीला कान लावला. आधी वहिनी गेल्या.

“काकू, एवढ्या माणसांच्या भाकरी कुठे करता?”

“परसात,” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावर! मी डोळे मिटून घेतले.

मग दादा. कविता बिनचूक झाली. मग ऋतुजानं विचारलं, “काका, घरात वाद होतात का?”

“वाद कशाला व्हतील, पोरी? वरसातनं दोनदा तर भेट व्हती!” मग त्याला काहीतरी आठवलं असावं. “मंजी... ऱ्हातो हितंच.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज. “बरं, तेवढी मोरी कुठं हाय, सांगतीस का?”

शेवटी आई.

“आजी, या घरात तुम्हाला काय आवडतं?”

“आज आवडतंया. समदी हायती.”

“आणि एरवी?”

“एरवीचं त्यालाच इचार. ल्हान असताना बी पाटी कोरी ठेवून गुर्जीला अभ्यास झाला म्हनायचा.” मग अगदी साध्या आवाजात, “पोराचं घर हाय, पर माजं हातरूण हितं कुठल्या कोपऱ्यात असतं, मला ठावं न्हाई बग.”

मला लाज वाटली. पोरींसमोर उघडं पडल्याची वाटणार होतीच, पण ती आता आठवतही नव्हती. आईच्या त्या वाक्याचीच वाटली. मी आत गेलो आणि मुलींना म्हणालो, “सगळं खोटं आहे. हे लोक पाहुणे आहेत.”

“माहितीये सर,” ऋतुजा म्हणाली. “ब्रशवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या निघायच्यात.”

मग वहिनींनी वांग्याचं भरीत केलं, परसाविना भाकरी थापल्या, आणि दोघी मुली संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. मंडळी परत निघताना मी आईला म्हणालो, “आई, तू राहा ना इथं आठ दिवस.”

आईनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. “खरं म्हनतूस, का आनि कोन येनार हाय?”

“कोणी नाही. खरंच राहा.”

आई राहिली. कोपरा तिनं स्वतः निवडला. टीव्हीसमोरचा, माझा.

पुढच्या आठवड्यात अहवाल आला. वंदनानं तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. “निष्कर्ष : सदर कुटुंब एकत्रच आहे. धाकटा मुलगा तेवढा विभक्त झालेला आढळला.”

“पोरगी गुनाची हाय,” आई म्हणाली.

मी वीसपैकी वीस दिले. एक गुण कापावा असं फार मनात होतं, पण शेजारी ‘कारण लिहा’ असा रकाना होता.