खोकणाऱ्या पाहुण्याला आत घेतलं तेव्हा

मे २००३, ऐन लग्नसराई. घरामागच्या माझ्या डॉग होस्टेलात त्या दिवशी मुक्कामाला होते हुपरीच्या चांदीवाल्यांचा लॅब्राडोर, एका डॉक्टरांचे दोन डॉबरमन आणि शेजारच्या काकूंचा म्हातारा पॉमेरियन.

दुपारी मुरगूडचं एक कुटुंब जीप चालूच ठेवून दारात उतरलं. त्यांचा अल्सेशियन कोरडा, घोगरा खोकत होता.

"घशात हाड अडकलंय, दुसरं काय न्हाय," मालक म्हणाले. "घ्या की वो आत, तिकडं अक्षता पडतील!"

खोकणारा कुत्रा घ्यायचा नाही, हा नियम माझाच. पण लग्नाला निघालेल्या माणसांना दारातून परत पाठवणं जिवावर आलं. मागची खोली रिकामी होती, तिथंही मी त्याला वेगळं ठेवलं नाही. पाण्याची दगडी डोणी सगळ्यांना मिळून एकच. ती रोज घासते, एवढ्यावर मी निर्धास्त होते.

आठवडाभरात सगळे खोकायला लागले. बाकीचे बरे झाले. काकूंच्या पॉमेरियनला न्यूमोनिया झाला आणि तो गेला.

"तुझ्याकडं सोडायच्या आदल्या दिवशी मीच त्याला आइस्क्रीम चाटवलं गं," काकू रडत म्हणाल्या. "माझ्यामुळंच गेला."

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आता या साथीच्या खोकल्याची लस टोचलेली असल्याशिवाय मी कुत्रा घेत नाही. नवा आला की आधी मागच्या खोलीत, भांडं प्रत्येकाचं वेगळं. काकू मात्र अजूनही भेटल्या की आइस्क्रीमचंच बोलतात. त्यांना खरं सांगायचं राहिलंय.