पाठमोरा इनास

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग जनाबियातल्या एका व्हिला कंपाउंडवर होतं. पोस्टिंग म्हणायचं ही जित्याची खोड. खरं तर बहारीनमधली सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी. गेटवर बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचा. फौजेत मी हवालदार होतो, फोटो सेक्शनला.

एका शुक्रवारी मुकादम माझ्या खोलीवर आले. रत्नागिरीचे, इथल्या हॉस्पिटलात क्लार्क. सोबत एक बाई होत्या.

"हवालदार, ह्या लुसीबाई. आमच्याकडे नर्स आहेत. तुम्ही त्या वसईच्या ड्रायव्हरचं सांगत होतात ना, त्याची बहीण."

मी उठून उभाच राहिलो. लान्स नायक इनास तुस्कानो माझ्या गाडीवर ड्रायव्हर होता.

एकाहत्तरच्या लढाईत आमचं काम सरळ होतं. शत्रूची विमानं बॉम्ब टाकून गेली की पडझडीचे फोटो काढायचे. सरहद्दीजवळच्या दोन गावांत चर्चवर बॉम्ब पडले होते. भिंत केवढी, खड्डा किती खोल हे कळावं म्हणून फ्रेममध्ये एक माणूस उभा करायचा. पाठमोरा, डोक्यावर हेल्मेट. तो माणूस म्हणजे इनास. इतर ठिकाणी तो निमूट उभा राही. चर्चच्या दारात मात्र हेल्मेट काढून काखेत धरी.

"हेल्मेट घाल, तुस्कानो. वर छप्पर नाही."

"छप्पर नाही, उस्ताद. चर्च आहे ना."

दुसऱ्या चर्चमध्ये तर त्याने मागे वळून हसत विचारलं, "झालं का, उस्ताद?" नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं.

मेजरसाहेबांनी प्रिंट पाहिली. "हेल्मेट नाही. शिवाय कॅमेऱ्यात बघतोय. रिजेक्ट."

रिजेक्ट प्रिंट फाडायची असा नियम होता. चांगला कागद फाडणं कोकणी माणसाच्या जिवावर येतं. मी ती माझ्या इतर फोटोंच्या पाकिटात टाकली.

दोन दिवसांनी इनास फिल्म पोचवायला एकटाच निघाला. दुपारी वायरलेसवर आवाज आला, "गाडी हिट. ड्रायव्हर नो मोर. ओव्हर." मी "रॉजर" म्हणालो.

लुसीबाई सांगत होत्या, "घरी त्याचा एकच फोटो आहे, भाऊ. लहानपणीचा, पहिल्या कम्युनियनचा. आय म्हणते, माझा पोर मोठा झालाच नाही. आता तिची नजर चाललीय. मी बुधवारी लीव्हवर निघते."

मी ट्रंकेतून ते पाकीट काढून उघडलं. बहारीनच्या दमट हवेने प्रिंटा एकमेकींना चिकटल्या होत्या. इनासचा चेहरा दुसऱ्या प्रिंटखाली दबलेला. मुकादमांनी कोपरा धरून ओढायला घेतलं.

"हात मागे!" परेडवरचा आवाज इतक्या वर्षांनी निघाला. ओढलं असतं तर चेहऱ्याचा थर सोलून निघाला असता.

"पाणी लागेल. नळाचं नको, मचूळ आहे. प्यायच्या पाण्याचा कॅन आणा."

परातीत गोडं पाणी ओतून मी प्रिंटा अलगद बुडवल्या. आता काम पाण्याचं होतं, माझं फक्त थांबायचं. लुसीबाईंचे ओठ हलत होते. मुकादमही काहीतरी पुटपुटत होते. माझा देव मला आठवेना, मी आपला कोपऱ्यावर नजर ठेवून बसलो. बऱ्याच वेळाने कोपरा सुटला. वरचा कागद सरकू लागला. आधी मोडकी भिंत दिसली, मग खांदा, मग काखेतलं हेल्मेट. शेवटी चेहरा. कड थोडी गेली होती, चेहरा शाबूत होता.

"खलास, हवालदार," मुकादम इथल्या अरबांच्या सवयीने हळूच म्हणाले. "सुटला."

"दात बघा मेल्याचे," लुसीबाई हसत म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही.

लीव्हवरून येताना त्यांनी माझ्यासाठी वसईची सुकेळी आणली. म्हणाल्या, "आयने फोटो नाकाशी धरला, भाऊ. किती वेळ बघत होती. म्हणाली, चर्चात डोकं उघडं ठेवलंय बघ. शिकवलेलं विसरला नाही."

मेजरसाहेबांचा तो रिजेक्ट फोटो आता वसईत, घरच्या देवाच्या आल्ताराशेजारी आहे. माझ्या सगळ्या नोकरीत त्याहून चांगला फोटो मी काढला नाही.

इनासने विचारलं होतं, झालं का. पुढच्या जागी जायच्या घाईत मी उत्तरच दिलं नव्हतं.

झालं रे, इनास. हेल्मेट राहू दे काखेतच.