हरकत नाही

दोन आंबाबागांमधल्या दगडी गडग्याच्या भांडणात मी चुलतभावाला कोयतीने तोडला. एक घाव पुरला असता, मी पाच घातले. त्या भावाचा राग मला अजून येतो, खोटं कशाला बोलू.

जन्मठेपेच्या आठव्या वर्षी आई अंथरुणाला खिळली म्हणून मी तीस दिवसांच्या पॅरोलचा अर्ज केला. असा अर्ज आला की पोलीस मयताच्या घरच्यांना विचारतात, हा आला तर चालेल का. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, लिहून दिलं, हरकत नाही. मला वाटलं, बाई निवळली.

रोज पोलीस ठाण्यात हजेरीची सही करायची. तिसऱ्या दिवशी सही करून परतताना ती गडग्यापाशी कुदळीचा दांडा घेऊन उभी होती. पहिलाच फटका उजव्या मनगटावर बसला आणि हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी डावा हात उगारला.

"मारा भावजी," ती म्हणाली. "मारलंत तर पॅरोल रद्द, मी विचारून ठेवलंय. तुरुंगात माझा हात पोचत नव्हता, म्हणून हरकत घेतली नाही."

मग तिने गुडघ्यावर घातला.

दुसऱ्या दिवशी लंगडत जाऊन डाव्या हाताने सही केली. हवालदाराला सांगितलं, गडग्यावरून पडलो. अजून सव्वीस दिवस हजेरी होती, आणि ठाण्याची वाट तिच्या दारावरून जाते.