बकेटवरचे बापूराव

पुण्यात ट्रॅक्टर चालवणारी बाई दिसली की लोक आधी वळून बघतात आणि मग सल्ला देतात. लोणी काळभोरच्या विजयमालाबाईंना दोन्हींची सवय झाली होती. ट्रॅक्टर त्यांचा, त्याच्या पुढे बसवलेला लोडर त्यांचा, आणि उन्हाळा लागला की सहकारनगर-बिबवेवाडीकडच्या सोसायट्यांमधल्या छाटलेल्या फांद्या उचलायचं कामही त्यांचंच. त्यांचे यजमान बापूराव यांना ट्रॅक्टर शिकवायचा प्रयत्न एकदा झाला होता. त्यात गोठ्याची भिंत गेली. तेव्हापासून स्टिअरिंग बाईंकडे आणि बाकीचं सगळं बापूरावांकडे, अशी वाटणी ठरली होती.

आता लोडरची बकेट म्हणजे माती-मुरूम भरायची वस्तू. फांदी ही भलतीच हट्टी जात. बकेट भरली की निम्म्या फांद्या बाहेर लोंबायच्या, उचलली की रस्त्यावर सांडायच्या. यावर बापूरावांनी स्वतःच तोडगा काढला होता. बकेट भरली की ते वर चढायचे, ढिगावर पालथे पडायचे, दोन्ही हात पसरून फांद्या कवटाळायचे आणि म्हणायचे, "हाण आता." मग ट्रॉलीपर्यंत ही वरात डुलत डुलत जायची. ट्रॉलीशी पोचलं की ते उडी मारून बाजूला व्हायचे. या कामाचा त्यांना कोण अभिमान! माझ्याशिवाय हिचं पान हलत नाही, असं ते चहाच्या टपरीवर कुणालाही सांगत.

सहकारनगरातल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर मंदाकिनीबाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका. त्यांनी हे दृश्य गॅलरीतून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "अहो बाई, आम्ही फांद्या न्यायला सांगितल्या होत्या. यजमान कशाला नेताय?"

विजयमालाबाई हसल्या. पण त्याच दुपारी गेटजवळच्या गतिरोधकावर बकेट उसळली आणि ढिगावरचे बापूराव दिसेनासे झाले. समोर उचललेली बकेट; तिच्यापलीकडचं सीटवरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. बाईंनी ब्रेक दाबला. माणूस चाकाखाली आहे की बाजूला, हे कळायला खाली उतरावं लागणार होतं आणि त्या स्टिअरिंग धरून बसूनच राहिल्या. एवढ्यात शेजारच्या बोगनवेलीतून आवाज आला, "माझी एक चप्पल कुठं गेली बघ की."

काटे टोचले होते, बाकी काही नाही. बापूरावांनी तर टपरीवर त्याची गोष्टही करून टाकली. बाईंनी मात्र रात्री ताट तसंच बाजूला सारलं. ब्रेक दाबल्यापासून तो आवाज येईपर्यंतचा वेळ त्यांच्या डोक्यातून जाईना. "आजपासनं तुमी बकेटमधी चढायचं न्हाय," त्यांनी सांगून टाकलं.

"मग फांद्या काय तुझा बाप धरनार?"

"पंजा बसवू बकेटला."

बापूरावांचं तोंड उतरलं. आपल्या जागी कुणी लोखंड आणून बसवणार, हे त्यांना जिव्हारी लागलं.

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत बद्रीनाथ नावाचे गृहस्थ ग्रिल आणि फाटकं बनवत. जन्मभर बंगल्यांची फाटकं केलेला माणूस. पंजा काय असतो हे बाईंनी हातवारे करून सांगितलं: बकेटच्या वरच्या कडेला बिजागऱ्या, त्यावर वाकडे लोखंडी दात, आणि तो जबडा उघडमीट करायला तेलावर चालणारा जॅक. बद्रीनाथांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मध्ये कमळ घालू का?"

"आवो, फांद्या धरायच्यात, पाव्हणं न्हाय."

"बरं. कमळ नको. पण हलकं होणार नाही ते, माझा हात जड आहे."

पंजा झाला. दिसायलाही देखणा, अगदी बंगल्याचं फाटक आडवं केल्यासारखा. तो लावून ट्रॅक्टर सहकारनगरात आला. पहिल्याच खेपेला बकेटमध्ये एका बाजूला गुलमोहराचं जाड खोड आलं आणि दुसऱ्या बाजूला बारीक डहाळ्या. बाईंनी लिव्हर ओढला, पंजा खाली आला, खोडावर बसला आणि तिथेच अडला. डहाळ्यांच्या बाजूला हातभर फट राहिली. बकेट वर गेली तशा डहाळ्या सगळ्या सोसायटीभर पसरल्या.

बापूरावांना इतका आनंद झाला की त्यांनी तो लपवलाही नाही. धोतर खोचलं आणि ते बकेटवर चढायला निघाले. "व्हय बाजूला. लोखंडाला काय कळतंय."

विजयमालाबाईंनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि कमरेला खोचली. "तुमी वर, तर मी खाली. काम बंद."

"अगं, फांद्या कोन धरनार?"

"पडू देत. त्या दिवशी तुमी बोगनवेलीत व्हता. मला वाटलं चाकाखाली गेला. तवापासनं मला भ्या वाटतंय. डोळा लागला की तेच दिसतंय मला." बाई एवढं बोलल्या आणि त्यांना रडूच आलं.

बापूराव एक पाय बकेटवर ठेवून तसेच उभे राहिले. आपण पडलो याची त्यांनी गोष्ट केली होती, पण बायकोला भीती वाटली असेल हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी पाय खाली घेतला. पंज्याकडे बघून ते नाइलाजाने म्हणाले, "हा एकच हात हाय गं. ढीग कवाच सारखा नसतो. खोडावर माझा एक हात वर असायचा, डहाळ्यांवर दुसरा पार खाली. ह्याचं दोन कर. एकमेकावाचून हलनारे."

बद्रीनाथांनी बापूरावांचं म्हणणं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे दोन पाखांचं, मधे उघडणारं फाटक. बाई, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी पंजा मधोमध कापला, प्रत्येक पाखाला वेगळा जॅक दिला. दोन्हींना तेल एकाच लिव्हरवरून. एक पाख अडलं की तेल दुसऱ्याकडे वळायचं. बापूराव चहा सांगायला गेले तेव्हा बद्रीनाथांनी खडू काढला. "मागल्या खेपेला राहिलं, पण नावाशिवाय माझं फाटक बाहेर जात नाही. काय घालू?"

उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव बाईंनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यांनी गल्लीत दोन्हीकडे बघितलं आणि हळूच सांगितलं.

सहकारनगरात पुन्हा तसाच ढीग पडला होता, एकीकडे खोड, एकीकडे डहाळ्या. पंज्याचं एक पाख खोडावर थांबलं, दुसरं पार खाली जाऊन डहाळ्यांवर घट्ट बसलं. वर लोखंडी पट्टीची अक्षरं, एका पाखावर 'बापू', दुसऱ्यावर 'राव', आणि राव बापूपेक्षा चांगले हातभर खाली. बकेट उचलली. एक डहाळी सांडली नाही. बाजूला उभ्या बापूरावांचे हात मात्र आपोआप पसरले होते, एक वर, एक खाली. मग त्यांनी अक्षरं वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"तिथं गुलमोहरापाशी उभं ऱ्हावा. ट्रॅक्टर कुठं वळवायचा ते हातानं दावा," बाई म्हणाल्या. "म्होरं, मला दिसाल असं."

गॅलरीतून मंदाकिनीबाईंनी चष्मा पुसून बकेटकडे पाहिलं. "शेवटी यजमानांना वर चढवलंतच म्हणायचं."

"त्यो ऱ्हाऊ द्या वर," विजयमालाबाईंनी गिअर टाकत सांगितलं. "माझा मला खाली हवा हाय."